कुर्डुवाडीला गाडी बदला

बँकेच्या शाखेत पहिल्यांदा येणारा मनुष्य मॅनेजर कुठे बसतात ते विचारतो. चार-दोन वेळा आलेला कॅशियरची खिडकी शोधतो. वर्षानुवर्षे येणारा मात्र आल्या आल्या हेड शिपायाला नमस्कार घालतो. कोणत्या कपाटाची किल्ली कुठे आहे, कोणाचा कागद आधी पुढे सरकवायचा, कोणते रजिस्टर कोणत्या टेबलावर न्यायचे आणि स्टोअररूममधल्या उंदरांची मजल सध्या कोणत्या सालापर्यंत गेली आहे, हे सगळे त्या एकट्याला ठाऊक असते. मॅनेजर रजेवर गेले तर शाखेला दोन दिवसांनी कळते. हेड शिपाई रजेवर गेला तर पावणेअकराला कळते.

संगणकातल्या या हेड शिपायाला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण पत्र टाइप करतो, हिशेब करतो, नातवाचे फोटो बघतो. पण कोणत्या कामाला किती जागा द्यायची, कोणाची पाळी आधी, कोणता कागद प्रिंटरकडे धाडायचा आणि कोणती फाइल कुठल्या कपाटात ठेवायची, हे तो आतल्या आत बघत असतो. एकाच टेबलाची कामे करणारा तो डेस्कटॉपवरचा, आणि शंभर टेबलांना एकाच वेळी पाणी पाजणारा तो सर्व्हरवरचा.

आता हा शिपाई नेमावा कसा? विंडोज चांगली की लिनक्स? या प्रश्नावर शिकलीसवरलेली माणसे एकमेकांचे तोंड पाहीनाशी झालेली आहेत. मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला दोन्हींचे गुण गाता येत नाहीत. मला फक्त इतकेच विचारता येते की बाबांनो, खर्च किती, आणि तो कोणाच्या खाती टाकायचा? या दृष्टीने इतिहास चाळला, तर एक मजेची गोष्ट दिसते. ऑपरेटिंग सिस्टीम निवडणारे लोक जगात फार थोडे झाले. बाकीच्यांना ती हुंड्यात आली.

हे समजायला अमेरिकेत जावे लागेल, पण पुणे-सोलापूर रस्त्याने टेंभुर्णी मागे टाकून आमच्या मोडनिंबला थोडे थांबून जाऊ. कारण हा सगळा गोंधळ आमच्या भागाने शंभर वर्षे आधी रुळांवर पाहिलेला आहे.

१८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. मुंबईहून येणारी मोठी गाडी रुंद रुळांची, म्हणजे साडेपाच फुटांची. कॅलथ्रॉपने आपले रूळ ठेवले अडीच फुटांचे. तो वेडा नव्हता. अरुंद रुळाला जमीन कमी लागते, वळणे सोपी जातात, पूल स्वस्तात होतात, आणि डब्यांचे वजन चाकांवर नीट वाटून दिले तर माल भरपूर नेता येतो, हे त्याने करून दाखवले. १९०६ साली गाडी पंढरपूरला गेली आणि वाटेतल्या मोडनिंबलाही तिची शिट्टी ऐकू येऊ लागली. पुढे एका बाजूला लातूर, दुसऱ्या बाजूला मिरज. आषाढीला डब्याच्या आत जितके वारकरी तितकेच टपावर. थोडक्यात, गाडी उत्तम होती.

अडचण फक्त कुर्डुवाडीला होती. तिथे रुंद रूळ आणि अरुंद रूळ समोरासमोर येत, आणि एकाचा डबा दुसऱ्यावर चढत नसे. म्हणून माणसांनी उतरायचे, बोचकी उतरवायची, आणि मालाचे प्रत्येक पोते एका वाघिणीतून काढून हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत टाकायचे. रूळ टाकताना वाचवलेला पैसा असा पोत्या-पोत्याने परत जात राहिला. चालू शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर मार्ग रुंद झाला, तेव्हा कुठे ही पाठमोड थांबली. शंभर वर्षे म्हणजे काही थोडाथोडका काळ नव्हे. कॅलथ्रॉपसाहेबांच्या हिशेबात पुलांचा खर्च होता, जमिनीचा होता. हमालाच्या पाठीसाठी रकाना नव्हता.

आता चला अमेरिकेला.

१९६९ साली बेल लॅबोरेटरीज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची या जोडीने युनिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम करायला घेतली. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि कोणी कोणाच्या ताटात हात घालू नये, असा तिचा बाणा. माल पहिल्या प्रतीचा, पण मालकाला दुकान मांडायची बंदी! १९५६ सालच्या एका कोर्टाच्या निवाड्याने या कंपनीला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात पडायला मनाई केली होती. म्हणून युनिक्स नाममात्र दरात विद्यापीठांना गेली, तीही आतल्या लिखाणासकट. एक पिढीच्या पिढी तिच्यावर शिकली. १९८४ साली कंपनीचे तुकडे झाले, बंदी उठली, आणि कालपर्यंतच्या प्रसादाला दर लागला. त्याच सुमारास रिचर्ड स्टॉलमन यांनी, प्रोग्रॅमचे लिखाण सर्वांना वाचता, बदलता आणि वाटता आले पाहिजे असा हट्ट धरून १९८३ साली ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने, हा आपला नुसता छंद आहे असे सांगत, या संसाराला हवा असलेला गाभा लिहून दिला. तीच लिनक्स.

दुसरीकडे १९८१ साली आयबीएम आपला छोटा संगणक घेऊन बाजारात उतरली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून तयार ऑपरेटिंग सिस्टीम विकत घेतली, दोन हप्त्यांत मिळून सुमारे ७५ हजार डॉलरना. (हप्ते वेळेवर फेडल्याचे असे फळ मी आमच्या कोणत्याही कर्जदाराला मिळालेले पाहिले नाही.) आयबीएमच्या गिऱ्हाइकाला खरे तर निवड होती. मायक्रोसॉफ्टची डॉस ४० डॉलरला, आणि त्या वेळी नावाजलेली सीपी/एम २४० डॉलरला. जगाने काय निवडले असेल, हे सांगायला कॉमर्सची पदवीसुद्धा नको. शिवाय ही डॉस इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला होता. पुढे निघालेल्या प्रत्येक नकली-असली संगणकात डॉस आली, आणि डॉसच्या मागोमाग तिची सून विंडोज.

गंमत म्हणजे १९८० साली मायक्रोसॉफ्टने युनिक्ससुद्धा विकायला काढली होती, झेनिक्स या नावाने. म्हणजे दोन्ही गाद्या एकाच दुकानात होत्या. कोणती खपते याची वाट बघायची, एवढेच काम!

आपल्याकडे ही गाडी आली ती बँकांच्या फाटकातून. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांच्या संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. १९८४ साली रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि शाखांत जी यंत्रे बसवायची त्यांचे नाव पडले ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. या नावात संगणक हा शब्द कुठेही नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. नोकऱ्या जातील या धास्तीने त्या शब्दाला तेव्हा साप म्हणत नसत, जनावर म्हणत.

पुढे जिथे दहा-बारा काउंटरांनी एकाच यंत्रावर काम करायचे होते, तिथे बँकांना युनिक्स सोयीची पडली. डॉस एका वेळी एकाच माणसाचे ऐके. सरळ स्वभावाची, पण एकमार्गी. मी नोकरीला लागलो त्या शाखेत युनिक्सचा अखेरचा काळ चालू होता. काळा पडदा, हिरवी अक्षरे, आणि कोपऱ्यात पांघरूण घातलेला सर्व्हर. युनिक्समध्ये ‘रूट’ नावाचा एक सर्वसत्ताधीश असतो. त्याचा पासवर्ड लाखेची मोहोर लावलेल्या पाकिटात, तिजोरीत, दोन किल्ल्यांच्या आड. आमचे एक वरिष्ठ सहकारी रोज संध्याकाळी दिवस बंद करण्याची आज्ञा टाइप करण्याआधी पडद्याला नमस्कार करीत. मी विचारले, “काका, यंत्राला नमस्कार?” ते म्हणाले, “तुला काय ठाऊक? हे पलीकडून ‘ओके’ म्हणेपर्यंत माझी शेवटची एस.टी. माझी नसते.”

मग कोअर बँकिंग आले. सर्व्हर शाखेतून उठून दूर कुठल्या थंडगार खोलीत गेला आणि काउंटरवर विंडोज आली. एकाच बँकेत समोरच्या टेबलावर एक ऑपरेटिंग सिस्टीम आणि माजघरात दुसरी. यात विपरीत काही नाही. लग्नात पंगतीला वाढणारे वेगळे असतात आणि चुलाणापाशी घामाघूम होणारे वेगळे. आज इंटरनेटच्या चुलाणापाशी बहुतेक ठिकाणी लिनक्सच बसलेली आहे. २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांवर तीच आहे. आणि “लिनक्स? ते आपल्याला जमायचं नाही बुवा” असे म्हणणाऱ्याच्या खिशात जो अँड्रॉइड फोन असतो, त्याच्याही पोटात लिनक्सचाच गाभा असतो. जमायचे राहिले कुठे?

पण टेबलावर मात्र विंडोज. आणि महाराष्ट्रात ती घट्ट बसली यात शाळेचा मोठा वाटा आहे. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र लागू लागले, आणि तालुक्या-तालुक्यांत, आमच्यासारख्या गावांतही, एका यंत्रापुढे दोन-दोन खुर्च्या मांडून मुले-मुली शिकली. तहसीलदार कचेरीतल्या पन्नाशीच्या भाऊसाहेबांनीही चष्मा पुसत माऊस धरला. हे फार मोठे काम झाले, यात वाद नाही. पण शिकवण्यात मुख्यतः विंडोजच होती, त्यामुळे संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण आमच्या हाडीमाशी भिनले. केरळने आपल्या शाळांत नेमके उलटे केले. तिथली मुले लिनक्सवर शिकली आणि त्यांनाही तीच सोपी वाटते. पहिली चव जन्मभर जिभेवर राहते. नंतर आपण तिला ‘आवडनिवड’ असे भारदस्त नाव देतो.

दुसरी गाठ मारली ती मराठीने. सुरुवातीला संगणकाला देवनागरी येत नसे. मग हुशार लोकांनी युक्ती केली: आत इंग्रजी अक्षर ठेवायचे आणि वर मराठी अक्षराचा मुखवटा चढवायचा. असे वेगवेगळ्या मुखवट्यांचे फॉन्ट निघाले. ज्या यंत्रात तो फॉन्ट आहे तिथे ‘सौ. सुलोचनाबाई’, आणि जिथे नाही तिथे इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांची खिचडी. विंडोज २००० पासून त्या घरात आणि २००४ साली खुल्या झालेल्या ‘लोहित’ फॉन्टमुळे लिनक्सच्या घरात युनिकोडची खरी देवनागरी आली. (लोहित म्हणजे तांबडा, फॉन्ट देणाऱ्या कंपनीचे नाव रेड हॅट.) पण तोवर महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांनी लाखो कागद मुखवट्यांत लिहून ठेवले होते. घरोघरच्या ट्रंकांत मोडीतली दस्तऐवजे पडलेली आहेत, तशातलाच हा प्रकार. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारा तेवढा गेला.

शिपाई निवृत्त झाला म्हणजे काय होते, हे एटीएमनी दाखवले. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. यंत्रे बंद पडत नाहीत. कुलपे दुरुस्त करणारा येईनासा होतो, एवढेच. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरच्या विंडोज यंत्रांतल्या दुरुस्त न केलेल्या फटीतून आत शिरून फायलींना कुलपे घातली. इंग्लंडची इस्पितळे अडली, आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक अडले. आणि आपल्या एटीएममध्ये एक्सपी होतीच! शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने टप्पे आखून दिले: सप्टेंबरपर्यंत पाव, डिसेंबरपर्यंत निम्मी, पुढच्या मार्चपर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत झाडून सगळी यंत्रे बदला. कर्जवसुलीची नोटीस काढावी तसे ते परिपत्रक होते.

हा सगळा इतिहास मला एका संध्याकाळी उपयोगी पडला. विंडोज १० चीही देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्याच्या थोडे आधी गावातल्या एका पतसंस्थेच्या चेअरमननी मला बोलावून घेतले. संस्थेत पाच संगणक. नवी विंडोज ११ त्यांतल्या एकाही जुन्या यंत्राला उभे करून घेईना. पैसे भरून देखभाल वाढवून मिळत होती, पण कंपन्या-संस्थांसाठी दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट.

“दरवर्षी दुप्पट?” चेअरमन म्हणाले. “आवं, असं व्याज लावलं तर आमचं लायसन जाईल.”

सोलापुरात इंजिनिअरिंग शिकलेला एक पोरगा संस्थेचे संगणक बघे. तो म्हणाला, “अण्णा, लिनक्स टाकू. ह्याच मशिनींवर पळंल. फुकट हाय.”

“फुकट?” चेअरमननी माझ्याकडे पाहिले. “साहेब, फुकट म्हंजे काहीतरी खोट असणार की.”

“खोट नाही, अण्णा,” मी म्हणालो. “पण कुर्डुवाडी आहे.”

“रात्री आठला तेरीज जुळंना झाली,” त्यांनी बोट वर केले, “तर ह्यो फिनलंडचा माणूस फोन उचलंल का?”

या प्रश्नाला मी मनात हात जोडले. भल्याभल्या अहवालांत तो सापडायचा नाही.

“फोन मी उचलीन,” पोरगा म्हणाला.

“तू उद्या पुण्याला नोकरीला जाशील. मग?”

पोरगा गप्प बसला. मग त्याने पेन-ड्राइव्हवरून लिनक्स तशीच, आत काही न बसवता चालू करून दाखवली. यंत्र खरोखर पळाले. पासबुकाच्या प्रिंटरने पहिली ओळ पासबुकाच्या घडीत छापली, दुसरी बरोबर जागेवर छापली. संस्थेचा हिशेबाचा प्रोग्रॅम मात्र विंडोजखेरीज चालेना. आणि सभासदांची जुनी यादी उघडली तेव्हा पडद्यावर नुसते कंस आणि टक्के. त्या यादीचा प्रोग्रॅम लिहून देणारा गृहस्थ कधीच गाव सोडून गेला होता. आत चार हजारांवर नावे होती. कोणाची बचत, कोणाची मुदतठेव, कोणाचा वारस. नावात एक अक्षर इकडचे तिकडे झाले आणि आधारकार्डाशी जुळले नाही, तर नवरा गेल्यावर त्याची ठेव मागायला आलेल्या बाईला किती खेटे घालावे लागतात, हे मी काउंटरच्या अलीकडून रोज पाहतो.

तासाभरात निर्णय झाला. पासबुक आणि हिशेबासाठी विंडोज ११ ची दोन नवी यंत्रे. उरलेल्या जुन्या यंत्रांपैकी दोनांवर, पत्रव्यवहारासाठी, लिनक्स. तिसऱ्यावरही लिनक्स, पण त्याने कोपऱ्यात बसून रोज रात्री सगळ्याची नक्कल ठेवायची. आणि नावे सगळी युनिकोडमध्ये आणायची.

नावे बदलणारा एक प्रोग्रॅम पोराने मिळवला. त्याने बहुतेक काम मिनिटांत केले आणि रफार तेवढे बिघडवले. पत्त्यांतल्या सगळ्या कुर्डुवाड्यांचा रफार एक घर पुढे सरकून ‘कुडुर्वाडी’ झाली होती! संस्थेतल्या दोघी कारकून ताई अकरा दिवस संध्याकाळी थांबल्या, जुनी खतावणी मांडीवर घेतली आणि एकेक नाव वाचून दुरुस्त केले. शंभर वर्षांनी पुन्हा तीच पोती, तेच स्टेशन. फक्त पाठीऐवजी डोळे दुखले. चेअरमननी त्या अकरा दिवसांचा जादा भत्ता मंजूर केला. कॅलथ्रॉपच्या हिशेबात नसलेला रकाना मोडनिंबच्या पतसंस्थेत निघाला, याचा मला एक कॉमर्सवाला म्हणून अभिमान वाटतो.

तेव्हा वाचकहो, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती घ्यावी असे मला कोणी विचारले तर मी आता तिच्या रूपगुणांत शिरत नाही. तीनच गोष्टी विचारतो. बिघडली तर फोन कोण उचलणार? तिची मुदत कोणत्या तारखेला संपते? आणि तिच्यातून उतरायची वेळ आली तर सामान कोण वाहणार? तारीख तर दोघींनाही असते. विंडोजला असते, तशी लिनक्सच्या प्रत्येक आवृत्तीलाही असते. तिथे पुढची आवृत्ती फुकट मिळते, पण गाडी बदलावी लागतेच. सामान साध्या बोचक्यात बांधलेले असले, म्हणजे नावे युनिकोडमध्ये आणि आकडे कोणालाही उघडता येतील अशा फायलीत, तर हमाल कमी लागतात.

चेअरमननी हे सर्व ऐकून ठराव घातला: दर महिन्याची तेरीज आणि सभासदांची यादी साध्या स्वरूपात काढून, शिवाय छापून, तिजोरीत ठेवावी. ठराव एकमताने मंजूर झाला. सेक्रेटरींनी तो प्रोसिडिंग बुकात स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहिला. कागदाला ऑपरेटिंग सिस्टीम लागत नाही, वीज लागत नाही, त्याची मुदतही संपत नाही. सेक्रेटरींचे अक्षर मात्र सेक्रेटरींखेरीज कोणाला लागत नाही, आणि ते येत्या मार्चला निवृत्त होत आहेत.